काशीला न गेलेल्यांचं मावंदं

मोंबासा,
धुळवडीचा दिवस

प्रिय उमे,

तुझ्या बापाचं पत्र परवा पोचलं. तीनच ओळी. तुम्ही दोघं परत या, झालं गेलं विसरतो, यात्रेच्या मावंद्याचा मांडव घालतो. पण तिला सोबत आणलंत तर दार उघडणार नाही. खाली सही, अनंता हरिचंद्र अशी पुरी, जसा काही अंबरनाथच्या फॅक्टरीत साहेबाला अर्ज केलाय. मी ते चारदा वाचलं. 'तिला' म्हणजे कोणाला, ते नाव लिहायलासुद्धा त्याचा हात उचलला नाही. मग मीच लिहिते. चिमीला. तुझ्या सख्ख्या आत्याला, जिच्या कडेवर तू दोन वर्षं काढलीस आणि जिची एक वेणी उपटून हातात घेतली होतीस. तिला, तिच्या नवऱ्याला आणि तिच्या लेकीला आम्ही घेऊन येतोय. बोटीची तिकिटं निघाली आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल.

आणि बाय माझे, हे एकटीने माळ्यावर बसून वाचू नकोस. तिन्हीसांजेला ओट्यावर सगळे जमतात ना, तुझा बाप चहा घेऊन बसतो, शेजारून जनूआक्का तंबाखू मळत येते, तेव्हा मोठ्याने वाच. मी जिथे कुणाला बोलले असेन तिथे आवाज बारीक करू नकोस. माझं अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखं आहे, पण ते तुला लागतं, दुसऱ्या कुणाला लागणार नाही. तीन दिवस झाले लिहितेय. बोटं सुजली.

काशीचं आम्ही खोटं सांगितलं. सांगितलं ते सांगितलं. जनूआक्काने गंगेत सोडायला नारळ दिला, तुझ्या आईने माझ्या ओटीत तांदूळ घातले, शिरगावची चाळीस माणसं स्टेशनापर्यंत आली, आणि आम्ही दोघं माना खाली घालून गाडीत बसलो. आम्ही सुई टोचून घेतली, काशीला जाताना कॉलऱ्याची टोचतात म्हणून तुमची खात्री पटली, ती सुई आफ्रिकेची होती. हेंद्रेपाड्याचा जयदेव खरोखरच काशीला निघाला होता, म्हणून मी त्याच्याकडे तीन कार्डं आधीच लिहून दिली होती. एक काशीचं, एक प्रयागचं, एक गयेचं. आठ आठ दिवसांनी टाक, असं बजावलं होतं. त्या शहाण्याने तिन्ही एकाच दिवशी एकाच पेटीत टाकली! एकाच सकाळी पोस्टमनने तुझ्या बापाच्या हातात गंगा, त्रिवेणी आणि विष्णुपद ठेवलं. माझा मुलगा फॅक्टरीत तपासनीस आहे, त्याला संशय येणारच. तो थेट उल्हासनगरला कॅम्पात जाऊन मोतीबाईला विचारून आला, आणि ती बाई खोटं बोलत नाही.

मोतीबाई कोण, ते आता सगळ्यांना कळू दे. चिमीची सासू. चंदर आपल्याकडे सायकलवर कापडाचे तुकडे विकायला यायचा, ते आठवतं ना? त्याची आई. घरदार, शेत, म्हशी सगळं पाकिस्तानात सोडून आली आणि लष्कराच्या जुन्या बराकीत गोणपाटाचा पडदा लावून राहिली. मी मंगळवारी कॅम्पात भाजी टाकायला जायची, ती पहिली पाटी तिच्या दारात उतरवायची. सहा वर्षं. मला सिंधी येत नाही, तिला मराठी येत नाही, दोघींची हिंदी अशी की खऱ्या हिंदीवाल्याने कान धरून पळावं. पण मी दारात दिसले की ती आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे करायची, अदी बैठो, अदी खाओ, अदी म्हणजे बहीण. आपल्या दारात तिचा मुलगा आला तेव्हा त्याला पाणीसुद्धा मिळालं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरी पापड.

चिमीची माझ्या नावाची पत्रं आफ्रिकेतून तिच्याकडे यायची, मराठीत. कॅम्पात ती वाचणार कोण? आणि मी ती शिरगावात कुणाकडून वाचून घेणार? वर्षभर मी बंद पाकिटं वासावर ओळखत बसले होते, उमे. म्हणून मी तुझ्यापुढे पाटी घेऊन बसले. तुला वाटलं, आजीला पोथी वाचायचीय. तू मला छडीसुद्धा मारलीस, 'ष' पोटफोड्या काढायला चुकले म्हणून. ती पोथी नव्हती गं. आता कळलं ना.

बरं, ते राहू दे, बोटीचं सांगते. बोट म्हणजे आपलं बदलापूर स्टेशन सगळं उचलून पाण्यात सोडलंय असं समज. आम्ही डेकवर, उघड्यावर, ताडपत्रीखाली. तुझे आजोबा पहिले पाच दिवस आडवे. जन्म खाडीकडच्या मिठागरात गेला, कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभा राहणारा माणूस, आणि बादली सोडेना. मला काहीसुद्धा झालं नाही. मी आपली फिरत होते, कच्छच्या बायकांकडून लोणचं मागून आणत होते. चाळीस वर्षांच्या संसारात मी कधी त्यांच्यासमोर बसून जेवले नव्हते. ते उठले की त्यांच्या ताटात मी. बोटीवर थाळी एकच, जागा हातभर, मग कुठे जाणार? सहाव्या दिवशी ते सावरले, तेव्हा समोरासमोर बसलो. पहिल्या दिवशी दोघांना घास जाईना, लाजच वाटली. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, तू डावीकडून चावतेस. म्हटलं, उजवीकडच्या दाढा पडून बारा वर्षं झाली. त्यांना पत्ताच नव्हता! जनूआक्का, तुम्ही आता नाक मुरडाल. मुरडा. परत आल्यावरही आम्ही असंच जेवणार आहोत, सांगून ठेवते.

वाटेत सेशेल नावाची बेटं लागली. तिथे कासवं आहेत, आपल्या बैलगाडीच्या चाकाएवढी, दीडदीडशे वर्षांची म्हणतात. मी एकाच्या पाठीवर बसले. हो, बसले. आणि तिथे एक नारळ होतो, दोन नारळ जोडून एक केल्यासारखा, त्याचा आकार कसा असतो ते मी तुला लिहिणार नाही, तुझे आजोबा तो बघून मान वळवून उभे राहिले आणि मी पदर तोंडात कोंबला.

मोंबासाला उतरलो तर कागद तपासायला गोव्याचा एक कारकून. मला म्हणाला, नवऱ्याचं नाव? मी बोट दाखवलं. म्हणाला, बोट नको बाई, तोंडाने बोला, कागदाशी जुळायला हवं. मागे दोनशे माणसांची रांग, समोर टोपीवाला गोरा साहेब. आता मी कधी ते नाव सरळ घेतलंय का? आजोबा खाकरतायत, कारकून पेन आपटतोय. मग मीही पदर खोचला आणि म्हटलं: खाडीच्या पाण्याला भरती आणतो चंद्र, सात समुद्र ओलांडून मला घेऊन आले माझे धनी हरिचंद्र. रांगेतल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. साहेबाने कारकुनाला विचारलं, ही काय म्हणाली? त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण साहेबाने टोपी काढून मला मान लववली. तुझ्या बापाने आयुष्यात साहेबाला मान लववताना पाहिलं नसेल.

आणि बाहेर चिमी. अंगाने भरलीय. पुढे आली, पाया पडली, आणि म्हणाली, आई, बारीक झालीस गं. बाकी काही नाही. मला वाटलं होतं ती त्या दाराचं विचारेल. सात वर्षांत एका पत्रात तिने विचारलं नव्हतं, बंदरावरही विचारलं नाही. तिची मधू पाच वर्षांची आहे, काळीसावळी, थेट तुझ्यासारखी भांडखोर. घरात सिंधी बोलते, दारात हबशांची भाषा, आणि आम्हाला बघितल्यावर चिमीने शिकवलेली आगरी अशी फाडफाड की आजोबा बघतच राहिले.

चंदरचं इथे मामाच्या जागेत कापडाचं दुकान आहे. सासऱ्याला खुर्ची दिली आणि स्वतः उभा. तिकिटं त्यानेच धाडली होती. चार महिने त्याने आम्हाला घरात बसू दिलं नाही. लहान बोटीने झांजिबारला नेलं. त्या गावाच्या आधी त्याचा वास येतो, लवंगांचा, रस्त्यावर चटया टाकून लवंगा वाळवतात, आपण वाल वाळवतो तशा. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाढव आलं तर एकाने मागे सरायचं. पण दारं! हत्ती जाईल एवढी, शिसवी नक्षीची, त्यावर पितळेचे मोठमोठे खिळे. आजोबा एकेका दारावरून हात फिरवत चालले होते. मी त्यांच्या मागे नव्हते, उमे, बाजूला होते. गल्लीत दोघांना जागा नव्हती तरी बाजूला. मग दारेसलाम पाहिलं, तिथलं बंदर ओंजळीसारखं आहे, समुद्र आत येऊन निजतो. प्रत्येक गावी तुझ्या आजोबांचं एकच. किनाऱ्यावर उतरायचं, बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि निकाल द्यायचा. हे पाणी मीठ देईल, हे नाही देणार. लोकांना वाटायचं म्हातारा आचमन करतोय.

आगगाडीतून जाताना एका सकाळी आभाळात पांढरं काहीतरी दिसलं. मला वाटलं ढग. चंदर म्हणाला, आई, वो पहाड़ है, बर्फ का. खाली हत्ती फिरतायत, धूळ उडतेय, आणि वर बर्फ! मी गाडीतच हात जोडले. त्या बाजूच्या डोंगरातून एक झरा निघतो, तोही बघून आलो. पाणी इतकं निर्मळ की तळाशी पाणघोडे चालताना दिसतात, म्हशींसारखे जाडजूड, पण पाण्यात अशा नखऱ्याने पावलं टाकतात जशी लग्नातली करवली. जनूआक्का, तुमचा नारळ मी तिथे सोडला. हिमालयाचं पाणी पवित्र आणि या डोंगराचं नाही, असं मला कुठल्या भटाने अजून पटवून दिलेलं नाही. नारळ तरंगत गेला, पाणघोड्याने हुंगला आणि वाट दिली.

आता जे सांगते ते तुझ्या बापाने नीट ऐकावं. त्याला म्हणावं कप खाली ठेव.

मागादी म्हणून एक तळं आहे. जमीन जिथे खचून हजारो हात खाली गेलीय तिथे, तळाला. चंदरच्या ओळखीच्या एका दुकानदाराने आम्हाला तिथे नेलं. तळं म्हणजे पाणीच नाही, नजर जाईल तिथवर पांढरं, वरून गुलाबी झाक, आणि कडेच्या उथळ पाण्यात गुलाबी पायांचे हजारो पक्षी. तुझे आजोबा कडेशी गेले. जोडे काढले आणि त्या पांढऱ्यावर चालायला लागले. मी पाठोपाठ. त्यांनी वाकून एक तुकडा उचलला, जिभेला लावला आणि थुंकला. म्हणाले, मीठ नाही हे, सखू. दिसतं मीठ, पण नाही. माझं नाव घेतलं त्यांनी. मग तिथेच उकिडवे बसले आणि म्हणाले, चिमी रांगायला लागली तेव्हा मिठाच्या राशीवर चढली होती, आठवतं? तोंड पांढरं करून बसली होती. आणि रडले. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, हा माणूस आईबाप गेले तेव्हा रडला नव्हता.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. चिमी आणि चंदर कल्याणला कोर्टात लग्न लावून चौथ्या दिवशी पाया पडायला आले होते. भर दुपार होती. उमे, तू शाळेत होतीस, तुझी आई विहिरीवर होती, आणि तुझा बाप फॅक्टरीत ड्यूटीवर. मी त्यांना पांदीतून येताना पाहिलं. चिमीच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, माझ्याकडे बघत होत्या, आता ही काय करते म्हणून. मी आत गेले आणि कडी लावली. मी. तुझ्या आजोबांनी नाही. चिमीने बाहेरून दोनदा आई म्हणून हाक मारली. मी चुलीपाशी उभी राहून भाकरी थापत होते, तव्यावरची करपेपर्यंत. संध्याकाळी तुझा बाप घरी आला, त्याला बायकांनी सांगितलं की बाबांनी दार बंद करायला लावलं. मी ते खोडलं नाही. बापाचा शब्द म्हणून त्याने तो सात वर्षं डोक्यावर वागवलाय. जो शब्द बापाने कधी दिलाच नव्हता.

हे ऐकून तुझे आजोबा म्हणाले, मला माहीत होतं. मी मागच्या पडवीत पडलो होतो. कडीचा आवाज ऐकला. उठायला हवं होतं, उठलो नाही. तू लावलीस, मी लावू दिली, वाटणी सारखी. आम्ही त्या पांढऱ्या तळ्यात बसून राहिलो, ऊन असं की डोकं फुटावं, आणि पक्षी आपले एका पायावर उभे, जणू आमचा निकाल लागायची वाट बघतायत.

परत आल्यावर मी चिमीला सांगितलं. ती डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, आई, फटीतून तुझ्या लुगड्याचा काठ दिसत होता. म्हणजे तिलाही माहीत होतं! सगळ्यांना सगळं माहीत आणि सात वर्षं कुणी एक अक्षर बोललं नाही, असं हे आपलं अब्रूदार घराणं. मी म्हटलं, मग आता माझ्याबरोबर चल. ती म्हणाली, दादाच्या दारात उभी राहून मी परत हाक मारणार नाही. एकदा मारली, पुरे. बरोबर बोलली. माझी मुलगी आहे.

म्हणून अनंता, आता तुझ्याशी बोलते. तू वाईट नाहीस. खोट्या निरोपाला तू खरेपणाने चिकटलास, एवढंच. तो निरोप मी परत घेतेय, सगळ्यांदेखत. त्यानंतरही तुला दार लावायचं असेल तर ते तुझं, माझ्या आणि बाबांच्या नावावर टाकायचं नाही. काळं पाणी ओलांडलं म्हणून लोक तोंड फिरवतील, असं तू बाबांना वेगळ्या चिठ्ठीत लिहिलंस म्हणे. फिरवू देत. मी कासवावर बसलेली बाई आहे, मला आता फिरवलेल्या तोंडांची भीती घालू नकोस.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते, उमे. तुझ्या बापाला उत्तर म्हणून तीन ओळी पुरल्या असत्या. हे आवतण आहे. यात्रेहून आलेल्यांचं मावंदं आपल्या घरात तुझ्या पणजोबांपासून होत आलंय. दारात पाय धुवायचे, गावाला जेवू घालायचं, आणि पहिल्या पंगतीत पहिलं पान लेकीजावयाचं, ते बसल्याशिवाय कुणी भाताला हात लावायचा नाही. ज्या मांडवात ते पान मांडायचं नाही तो मांडव मला नको, त्याचे बांबू सोडून ठेवा. बोट अक्षय तृतीयेच्या आधी लागेल. आम्ही बदलापूरला येणार नाही, विठ्ठलवाडीला उतरून कॅम्प तीन नंबरात मोतीबाईच्या बराकीत जाणार, तिचं पत्र आलंय, तिने चुलीसाठी लाकडं आणून टाकलीसुद्धा. मावंदं तिथेच, तृतीयेला, दुपारी. भात आपला, वालाचं बिरडं माझं, कढी तिची, आणि पापड हवे तितके. पाकिटातून कुंकवाचे तांदूळ पडले असतील ते सांडू नकोस, आईच्या वाटीत घे आणि शिरगावात दारोदार जा. दोन दोन दाणे ठेव आणि सांग, हरिचंद्र आणि सखू यांनी जेवायला बोलावलंय, कॅम्पात. कुणी दार लोटलं तर उंबऱ्यावर ठेव आणि पुढच्या घरी जा, वाद घालत बसू नकोस. पण आधी, हे वाचून झाल्या झाल्या, तिथेच ओट्यावर, पहिले दोन दाणे तुझ्या बापाच्या तळहातावर ठेव. आला तर त्याला चंदरच्या शेजारचं पान आहे. नाही आला तर मी त्याची वाट बघत पंगत अडवून धरणार नाही.

तुझीच,
आजी सखू